तारखेवर चालणारा मेंटेनन्स मशीन वाचवतो की बिघडवतो?

खटपट्या:
माझं मत आधीच सांगतो. बरीचशी ब्रेकडाउन मेंटेनन्स झाला नाही म्हणून होत नाहीत, तो डोकं न लावता आखला म्हणून होतात. पंप नीट चालतोय, व्हायब्रेशन नाही, आवाज नाही, तरी तारीख आली म्हणून खोलायचा. मग अलाइनमेंट हलतं, बेअरिंग ठोकून बसवलं जातं, सीलमध्ये कचरा जातो.

युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप यांचा १९७८ चा अहवाल पाहा. विमानाच्या ज्या भागांचा त्यांनी अभ्यास केला, त्यातले जुने होत गेल्यामुळे बिघडणारे भाग फक्त ११ टक्के निघाले. ६८ टक्के भागांत सगळ्यात जास्त धोका होता तो नवा बसवल्याबरोबर. विमानाचे आकडे कारखान्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण धडा तोच आहे.

आणि ग्रीसिंग! चेकलिस्टवर एवढंच असतं: ‘मोटर बेअरिंग, दरमहा ग्रीस करा.’ किती ग्रॅम? कुठलं ग्रीस? काही नाही. फिटर बिचारा ग्रीस सीलमधून बाहेर येईपर्यंत ग्रीस गन मारतो. जादा ग्रीस आत घुसळलं जातं, बेअरिंग तापतं, ग्रीसमधलं तेल सुटतं, सील उचललं जातं. त्यात पॉलियुरिया जातीच्या ग्रीसवर लिथियम जातीचं ग्रीस पडलं आणि दोघांचं जमलं नाही, तर ते पातळ होऊन वाहून जातं. पुढच्या महिन्यात बेअरिंग गरम लागतं, म्हणून आणखी ग्रीस! यात फिटरचा दोष काय? दोष कागद लिहिणाऱ्याचा.

तिसरी पाळी:
साफ असहमत. तुम्ही ज्याला जादा मेंटेनन्स म्हणताय तो मला कुठे दिसतच नाही. प्रॉडक्शनवाले मशीन सोडत नाहीत, महिनाअखेरीला सगळ्या रकान्यांत काम न होताच ‘झालं’ म्हणून एकदमच टिका पडतात.

विमानाचंच उदाहरण घ्यायचं तर अलास्का एअरलाइन्सची फ्लाइट २६१ घ्या. शेपटीचा स्टॅबिलायझर हलवणाऱ्या जॅकस्क्रूला १९८७ साली दर ५०० उड्डाणतासांनी ग्रीस होत होतं. टप्प्याटप्प्याने ते १९९६ मध्ये आठ महिन्यांवर गेलं, म्हणजे सुमारे २,५५० तास. नटाचे आटे झिजून गेले आणि ३१ जानेवारी २००० रोजी ८८ माणसं गेली. मुदती वाढवायच्या म्हटलं की मला हेच आठवतं. ‘कमी हात लावा’ हे वाक्य बजेट कापणाऱ्यांना फार आवडतं, हे विसरू नका.

खटपट्या:
मुदत वाढवा असं मी कुठे म्हटलं? त्या नटाचे आटे झिजतात, झीज मोजता येते. अशा भागाला ठरावीक मुदत हवीच, आणि ती वाढवायची तर मोजलेल्या झिजेवरून. माझा आक्षेप एकच मुदत सगळ्याला लावण्यावर आहे.

वंगण:
दोघांच्याही बोलण्यातून एक गोष्ट सुटतेय. स्टँडबाय पंप, सेफ्टी व्हॉल्व्ह, टाकी जास्त भरली की वाजणारा हाय लेव्हल अलार्म. हे बिघडले तर बिघडल्याचं कळतच नाही, गरज पडते तेव्हाच कळतं. इथे व्हायब्रेशन मोजून उपयोग नाही, तारीख लावून चालवूनच बघावं लागतं. अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ रोजी टॉवर प्रमाणाबाहेर भरत होता, लेव्हल ट्रान्समीटर मात्र पातळी उतरतेय असं दाखवत होता. हाय लेव्हलचे अलार्म दोन होते, त्यातला दुसरा, स्वतंत्र अलार्म वाजलाच नाही. स्फोट झाला, १५ जण गेले.

तिसरी पाळी:
+१. तारीख काढून टाकली की पहिल्यांदा हीच कामं गळतात. म्हणूनच मी शेड्यूल धरून बसतो.

खटपट्या:
वंगण यांचं पूर्ण मान्य. पण अलार्म वाजवून बघणं वेगळं आणि चालता गिअरबॉक्स खोलणं वेगळं. तुमच्या शेड्यूलमध्ये दोन्ही एकाच रकान्यात आहेत, आणि मशीन दोन तासच मिळालं तर फिटरने आधी काय करायचं ते त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

तिसरी पाळी:
ते लिहायला हवं, मान्य. पण ते दोन तास मिळवून द्यायला प्रॉडक्शन मॅनेजरची सही लागते, आणि त्याशिवाय तुमचा सुधारलेला कागदही टिकांनीच भरणार.