ल्युकेमियाचे उपचार संपले, बुद्ध्यांक 96, तरी चौथीतला मुलगा मागे पडतोय. कोणती चाचणी मागावी?

विशेष शिक्षिका, नाशिक
मुलगा 9 वर्षांचा. पाचव्या वर्षी ए.एल.एल.चं (ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार) निदान, अडीच वर्षं उपचार, ते संपून दीड वर्ष झालं. डोक्याला रेडिएशन नाही. मेथोट्रेक्सेट हे कर्करोगाचं औषध पाठीतून आणि शिरेतून दिलंय. तोंडी उत्तरं चांगली देतो. फळ्यावरचं मात्र निम्मंच उतरवून होतं आणि वजाबाकीत उसना घेतलेला विसरतो. बिने-कामत चाचणीत 96 आले, म्हणून घरचे त्याला आळशी ठरवून मोकळे झालेत. आता काय मागू?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट
ताई, तो आळशी नाही, हे पालकांना आजच सांगा. बिने-कामत एकच आकडा देते आणि या मुलांची अडचण नेमकी त्या आकड्यात लपते. मेथोट्रेक्सेट पेशींचं फोलेट (पेशींना लागणारं एक जीवनसत्त्व) अडवतं. त्याचा मार मेंदूतल्या पांढऱ्या भागावर, म्हणजे जोडणाऱ्या तारांच्या आवरणावर बसतो. म्हणून आधी वेग, लक्ष आणि चालू स्मृती (काम करताना गोष्टी डोक्यात धरून ठेवणं) घसरते. शब्दसंग्रह बराचसा टिकतो. भाषेत 105 आणि वेगात 80 असलं तरी एकत्रित आकडा नव्वदीच्या घरातच दिसू शकतो.

विस्क मागा, नाहीतर मालिन; या दोन्ही मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या अनेक उपचाचण्यांत विभागलेल्या आहेत. अहवालात प्रत्येक उपचाचणीचे गुण वेगळे लिहून घ्या, विशेषतः कोडिंग (ठरलेली चिन्हं भराभर लिहिणं) आणि उलटे अंक (ऐकलेले अंक उलट्या क्रमानं सांगणं). एक सापळा आहे: कोडिंग पेन्सिलीनं करायचं असतं. व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगाच्या दुसऱ्या औषधानं बोटांच्या नसा कमजोर झाल्या असतील, तर विचार जलद असूनही गुण पडतात. त्यामुळे ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून हाताची पकड आणि लिहिण्याचा वेग आधी मोजून घ्या.

बालकर्करोग विभागातली परिचारिका
चाचणीआधी हिमोग्लोबिन, बी-12, डोळे, कान आणि झोप एवढं तपासून घ्या. डोक्याला रेडिएशन मिळालेल्यांचं थायरॉइडही. अशा मुलांत, त्यातही पाच वर्षांच्या आत रेडिएशन झालं असेल तर, फरक बऱ्याचदा काही वर्षांनी दिसतो. शिकलेलं पुसलं जात नाही, नवं हळू चढतं, आणि बरोबरीची मुलं पुढे निघून जातात. म्हणून एकदा तपासून थांबू नका. पाचवी, आठवी, दहावीच्या आधी पुन्हा बघा.

ज्यांचे उपचार अजून चालू आहेत त्यांच्यासाठी: स्टेरॉइडच्या आठवड्यात चाचणी ठेवू नका, चिडचिड आणि जागरणानं निकाल बिघडतो. फोलिक ॲसिड असलेलं टॉनिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, ते मेथोट्रेक्सेटच्या विरुद्ध काम करतं. पाठीतल्या इंजेक्शननंतर दोनेक आठवड्यांत अचानक बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी पडली किंवा झटका आला, तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

विशेष शिक्षक, ठाणे
वर्गात अहवालाची वाट बघायची गरज नाही. फळ्यावरचा मजकूर छापून द्या. वीस गणितांऐवजी सहा द्या, पण प्रकार सगळे ठेवा. उसना लिहायला अंकांवर छोटी चौकट आखून द्या. पाढ्यांचा तक्ता बाकावर चिकटवा. सूचना एका वेळी एकच.

परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मागा. त्यासाठी नुसतं मानसशास्त्रीय प्रमाणपत्र पुरेलच असं नाही, कारण ही मुलं अध्ययन अक्षमतेच्या ठरलेल्या साच्यात नेहमी बसत नाहीत. औषधांची नावं, पाठीतल्या डोसांची संख्या आणि तारखा असलेलं कर्करोगतज्ज्ञांचं पत्र सोबत जोडा. दहावीचं प्रकरण आठवीतच सुरू करा, सरकारी रुग्णालयातल्या तपासणीला वेळ लागतो.

विशेष शिक्षिका, नाशिक
मनापासून आभार. घरचे स्मरणशक्तीचं सिरप आणणार आहेत. चालेल का?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट
त्यावर पैसे घालवू नयेत. लक्षाची अडचण चाचणीत सिद्ध झाली, तर मिथाइलफेनिडेट हे लक्ष वाढवणारं औषध या गटातल्या मुलांवर अभ्यासलेलं आहे आणि काहींना त्याचा फायदा होतो. ते बालमनोविकारतज्ज्ञच देतील. मुलाला डॉनोरुबिसिन किंवा डॉक्सोरुबिसिन ही कर्करोगाची औषधं मिळाली होती का, हे फाइलमध्ये बघा आणि त्यांना आठवणीनं सांगा. ही औषधं हृदयावर परिणाम करतात, म्हणून मिथाइलफेनिडेट सुरू करण्याआधी इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि नंतर नाडी, रक्तदाब, वजन नियमित मोजावं लागतं.