मदत हवी आहे: कोरोनात देशोदेशीच्या खासदारांनी मिळून नेमकं केलं काय?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, एम.ए. राज्यशास्त्र. वरचा विषय सेमिनारला स्वतःच मागून घेतला आणि आता अडकलोय.

हाती एवढंच लागलंय: आंतर-संसदीय संघ (देशोदेशीच्या संसदांची संघटना), स्थापना 1889, मुख्यालय जिनिव्हा. जगभरच्या संसद अध्यक्षांची परिषद त्यांनी ऑगस्ट 2020 मध्ये ऑनलाइन घेतली; प्रत्यक्ष भेट थेट सप्टेंबर 2021 मध्ये, व्हिएन्नात. आपल्याकडे संसदेचं 2020 चं हिवाळी अधिवेशन झालंच नाही, पावसाळीत प्रश्नोत्तराचा तास वगळला होता.

आमच्या घरी यंत्रमाग. लॉकडाऊनमध्ये अर्धवट विणलेला टॉवेल कित्येक दिवस मागावर तसाच, वर धुळीचा थर. परवा वडिलांना विषय सांगितला तर म्हणाले, "त्या बैठकीनं आपला माग एक दिवस तरी आधी सुरू झाला का रे?" मला उत्तर सुचेना.

ठराव ढिगानं सापडतात की ओ! पण अशा बैठकीतून पुढं एखाद्या देशात कायदा बदलला, लशीसाठी पैसा मंजूर झाला, असं पक्कं उदाहरण कुणाकडे आहे का? मराठीत काही वाचायला असेल तर फारच बरं. हिराचंद नेमचंद वाचनालयात एक चक्कर मारून झालीय. सेमिनार सोमवारी आहे.