अंतराळ सहलीत प्रवाशाचा वाली कोण?

चौकसकाका:
अमेरिकेत खासगी यानातून अंतराळात जाणाऱ्याला आधी एका कागदावर सही करावी लागते. हे यान माणसं नेण्यास सुरक्षित असल्याचं सरकारने प्रमाणित केलेलं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. २००४ च्या कायद्याने तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाला, म्हणजे एफएएला, प्रवाशांच्या सुरक्षेचे नियम करण्यापासून जवळजवळ रोखूनच ठेवलंय. मूळ मुदत आठ वर्षांची. ती वाढवत वाढवत १ जानेवारी २०२८ वर नेली आहे. धंदा अजून शिकतोय म्हणे! माझ्या मते ही सूट आता बंद करावी.

उडाणटप्पू:
काका, लाखो डॉलर मोजणारा माणूस काही दूधखुळा नसतो. नेपाळ सरकार एव्हरेस्टचा परवाना देतं, सुखरूप परत आणायची हमी देत नाही. शिवाय नियम लिहिणार कशावरून? व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीचं यान मोठ्या विमानाखालून सुटायचं, ब्लू ओरिजिन कंपनीची माणसं बसायची कुपी उभ्या रॉकेटवरून गेली. दोघांना एकच फूटपट्टी कशी लावणार? सप्टेंबर २०२२ मध्ये ब्लू ओरिजिनच्या न्यू शेपर्ड यानाचं रॉकेट वाटेत बिघडलं तेव्हा कुपी आपोआप सुटून पॅराशूटने नीट उतरली. आत कोणी नव्हतं, पण असतं तरी वाचलं असतं. ही सोय काय सरकारी बाबूंनी सुचवली होती?

चौकसकाका:
एव्हरेस्टचे धोके शंभर वर्षं सगळ्यांसमोर आहेत. इथे प्रवाशाला काय कळणार? ३१ ऑक्टोबर २०१४ चा मोहावी वाळवंटातला अपघात घ्या. व्हर्जिन गॅलॅक्टिकच्या स्पेसशिपटू यानाचं शेपूट परतीच्या वाटेवर वर दुमडायची सोय होती. त्याचं कुलूप ध्वनीच्या १.४ पट वेग गाठल्यावर काढायचं. सहवैमानिकाने ते ०.८ च्या आसपासच काढलं. हवेच्या रेट्याने शेपूट वळलं, यानाचे तुकडे झाले आणि तो गेला. वेळेआधी खटका सरकूच नये, अशी व्यवस्था यंत्रात नव्हती. माणूस एवढी एक चूक करू शकतो, हे बनवणाऱ्या कंपनीने धरलंच नव्हतं, असं चौकशीत निघालं.

उडाणटप्पू:
अर्धीच गोष्ट सांगताय. मानवी चुकांचं विश्लेषण करा, हा नियम तेव्हाही होता. एफएएनेच त्यातून सूट दिली होती, तीही कंपनीने न मागता! नियम असून काय उपयोग झाला? शिवाय ते चाचणी उड्डाण होतं, त्यात पर्यटक नव्हते.

चौकसकाका:
सूट का देता आली, तेही सांगा की. तो नियम खाली जमिनीवर असलेल्यांसाठी होता. सूट दिल्याने बाहेरच्या जनतेला धोका नाही ना, एवढंच बघायचं होतं. आत बसलेला माणूस त्या जनतेत धरलाच जात नाही. माझं भांडण आहे ते याच्याशी.

ठाणेकर:
मध्येच बोलतो. सध्याच्या कायद्यातही कोणी मेलं, गंभीर जखमी झालं किंवा थोडक्यात वाचलं, तर त्या कारणापुरते नियम करता येतात. म्हणजे आधी कोणीतरी बळी जायला हवा किंवा जाता जाता राहायला हवा. हे कसलं शहाणपण? आणि हा निव्वळ अमेरिकन प्रश्न नाही. मे २०२४ मध्ये गोपी थोटाकुरा हे भारतीय नागरिक न्यू शेपर्डमधून जाऊन आले, त्यांनाही हाच कायदा लागू होता.

उडाणटप्पू:
ते आले ना परत? ठीक आहे, थोडक्यात हुकलेले प्रसंग जाहीर करण्याची सक्ती करा, त्याला माझी ना नाही. पण यानाचा नकाशा मंजुरीसाठी कारकुनाच्या टेबलावर ठेवायला माझा कायम विरोध राहील.

चौकसकाका:
सक्ती म्हणजे नियमच की हो!