घुमटाखाली राग बदलतो, तसं झाडाचंही होतं का?

खर्ज:
मी ख्याल गाते, बंदिशीही बांधते. उंच दगडी घुमटाच्या सभागृहात माझा मालकंस वेगळाच होतो. तिथे सोडलेला स्वर काही सेकंद रेंगाळतो. द्रुत तान घेतली की आधीचे स्वर पुढच्यांवर चढतात आणि नुसता गलबला उरतो. मग मी मध्यमावर थांबते, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) लांबवते, दोन फिरतींमध्ये मोकळी जागा सोडते. गालिचे-पडदे असलेल्या खोलीत तानेचा दाणा न दाणा ऐकू येतो, पण लांबवलेला षड्ज उघडा पडतो, म्हणून तिथे लयकारीकडे वळते. राग तोच, बंदिशही तीच.

वनस्पती परिस्थितीशी जुळवून घेतात ते असंच का? या विषयावर बंदिश बांधते आहे, त्यामुळे ढोबळ उपमा नको. जाणकारांनी नीट सांगावं.

पर्णरंध्र:
तुमचं निरीक्षण अगदी नेमकं आहे. रॅननक्युलस अ‍ॅक्वाटिलिस ही पाणवनस्पती बघा. तिची पाण्याखालची पानं केसांसारखी बारीक चिरलेली असतात आणि पृष्ठभागावर तरंगणारी रुंद. पाण्यात कार्बन डायऑक्साइड फार सावकाश पसरतो, म्हणून चिरलेल्या पानाला वाढीव पृष्ठभाग उपयोगी पडतो. दोन्ही पानं एकाच झाडावर, जनुकंही तीच.

दुसरं, उजेडाकडे वळणं. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये दाखवलं की गवताच्या कोंबाचं टोक झाकलं तर कोंब उजेडाकडे वळत नाही, खालचा भाग उघडा असला तरीही. म्हणजे उजेड टोकाला कळतो आणि वाक येतो त्याच्या खाली. पुढे उलगडलं की ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक सावलीच्या बाजूला जास्त जमतं, तिथल्या पेशी अधिक लांबतात आणि कोंब उजेडाकडे झुकतो. वळण देण्याचं काम अंधारातली बाजू करते. मला तर हे दर वेळी शिकवताना नव्याने भिडतं.

दुसरी_बाजू:
वरचं सगळं मान्य, पण इथे दोन गोष्टी एकत्र होताहेत. एका झाडाने हयातीत केलेला बदल वेगळा आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून जातीत मुरलेलं अनुकूलन वेगळं. वारा किंवा स्पर्श सोसलेलं रोप बहुधा बुटकं आणि जाड खोडाचं होतं. मार्क जाफे यांनी १९७३ मध्ये याला थिग्मोमॉर्फोजेनेसिस हे नाव दिलं. पण त्याच रोपाचं बी आडोशाला लावलं तर सहसा उंच, सडपातळ रोपच येतं. वाऱ्याची कमाई बियांत उतरत नाही.

गाण्यात ती उतरते, आणि साम्य मला इथेच तुटताना दिसतं. हिंदुस्थानी गायन १९०२ पासून तबकडीवर येऊ लागलं. एका बाजूला जेमतेम तीनेक मिनिटं मावायची, म्हणून गायकांनी राग आटोपशीर मांडायची रीत कमावली. त्या तबकड्या ऐकून शिकलेल्यांना ती रीत आयती मिळाली. शिष्याला गुरूची कमाई थेट मिळते. झाडाला ती सोय नाही.

खर्ज:
दोघांचेही मनापासून आभार. गुरू-शिष्याचा मुद्दा पटला, तो बंदिशीत आणणार नाही. स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, सावलीच्या बाजूवरच बांधते. एक विचारायचं राहिलं: टोकाला उजेड कळल्यापासून वाक दिसेपर्यंत किती वेळ जातो? लय त्यावरून ठरवेन.

पर्णरंध्र:
गवताच्या कोंबात सुरुवात साधारण अर्ध्या तासात मोजता येते. डोळ्यांना ठळक दिसायला तास-दोन तास. तेव्हा विलंबितच घ्या. आणखी एक, वाक टोकाजवळ सुरू होतो आणि हळूहळू बुडाकडे सरकतो. मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) तार षड्जावरून उतरता ठेवलात तर कोंबाशी जास्त जुळेल.