मदत हवी आहे: मेळ्यातल्या गाळ्याचे पैसे उद्या संध्याकाळपर्यंत भरायचेत. भरू की नको?

सुरंगी
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. हस्तकलेच्या मेळ्यात तीन दिवसांचा गाळा मिळतोय. आज दुपारी आयोजकांचा फोन आला, उद्या संध्याकाळी सहाच्या आत पूर्ण रक्कम भरा, नाहीतर गाळा दुसऱ्याला देऊ. वर जीएसटी नंबर मागतायत, तो माझ्याकडे नाही. घरात नवरा म्हणतो भर, सासूबाई म्हणतात नको. इथे कुणी अशा मेळ्यात बसलं असेल तर सांगा. आजच ठरवायचंय.

दर्यावर्दी
ताई, मेळा कुठे आहे, कधी आहे, भाडं किती, आणि तुम्ही विकता काय? यातलं एकही कळल्याशिवाय हो-नाही कसं सांगणार?

आबोली_पेडणे
मी म्हणेन भरून टाका. पहिला गाळा मिळणंच कठीण असतं. मी क्रोशाच्या पिशव्या आणि टोप्या करते. हणजूणच्या बुधवारच्या बाजारात आणि हडफड्याच्या शनिवारच्या रात्रीच्या बाजारात बसून बसूनच माझी ओळख झाली. घरी बसून कुणी विचारत नाही. एकच सल्ला, किंमत थोडी चढवून सांगा. पर्यटक घासाघीस करतातच.

केपेंकार
आबोलीताई, हा सल्ला सगळ्यांना लागू नाही. आम्ही बांबूकाम करतो, सुपं, टोपल्या, रोवळ्या. आमचं गिऱ्हाईक गावचं. ते एकदा भाव विचारतं, पटला नाही तर पुढच्या वर्षी तुमच्याकडे फिरकतही नाही. जत्रेत आणि फेस्ताच्या फेरीत, म्हणजे चर्चच्या सणाला भरणाऱ्या बाजारात, जो भाव तोच सांगावा.

आबोली_पेडणे
पण ताई काय विकतात तेच माहीत नाही अजून! पर्यटकांच्या बाजारात एकच भाव धरून बसलं तर दिवसभरात बोहनी होत नाही, हा माझा अनुभव आहे.

फोंड्याची_मावशी
सुरंगी बाय, पैसे भरायच्या आधी एक कर. पावती मिळणार का, हे विचार. कुणाच्या नावाने, किती, आणि मेळा झाला नाही तर पैसे परत का, हे लिहून माग. फोनवरचं बोलणं हवेत जातं. माझ्या भाचीने असेच पैसे भरले, मेळा पुढे ढकलला, आणि मग पैसे मागताना चपला झिजल्या. "रांग लागली आहे" हे तर सगळेच सांगतात.

सुरंगी
सगळ्यांचे आभार. विचारलंत म्हणून लिहिते. आम्ही करवंटीच्या वस्तू करतो, मुख्यतः दवले (आमटी वाढायचे डाव) आणि वाट्या, थोडे दिवे. भाडं तीन दिवसांचं नऊ हजार. मेळा पर्वरीत आहे. पण माझा मुख्य प्रश्न जीएसटीचा आहे, त्यावर कुणीच बोललं नाही.

हिशेबनीस
जीएसटीचं सांगतो, मी हेच काम करतो. नुसता माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल आणि माल गोव्यातच विकत असाल तर नोंदणीची सक्ती नाही. पॅन असू द्या. आयोजक जीएसटी नंबर मागतात कारण त्यांच्या फॉर्ममध्ये तो रकाना असतो. "उलाढाल मर्यादेखाली, नोंदणी नाही" असं लिहून सही करून द्या.

उद्या सावंतवाडीला किंवा बेळगावला माल नेलात तर गोष्ट वेगळी. दुसऱ्या राज्यात तात्पुरतं बसणाऱ्याला एरवी नोंदणी लागते, पण ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना त्यातून सूट आहे. मात्र पॅन हवंच, आणि राज्याची हद्द ओलांडताना माल कितीही किमतीचा असला तरी ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याची ऑनलाइन चिठ्ठी, काढावं लागतं. गाडीत पाच हजारांचा माल असला तरी.

केपेंकार
हिशेबनीस, त्या पर्वरीला चालल्यात, बेळगावला नाही. घाबरवू नका.

हिशेबनीस
घाबरवत नाही. आज नाही तर पुढल्या वर्षी लागेल. पत्रादेवीच्या हद्दीवरच्या नाक्यावर अडवल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

आता भाड्याचा हिशेब. ताई, दवल्याची आणि वाटीची किंमत सांगा, आणि तयार माल किती आहे ते.

सुरंगी
दवला 120, वाटी 250. साठेक दवले आणि चाळीस वाट्या तयार आहेत. दिवे मोजके.

हिशेबनीस
दवल्यामागे दांडा, पॉलिश पेपर, तेल यांचे 30 धरले तर 90 सुटतात. साठ दवल्यांचे 5400. वाटीमागे 60 खर्च धरला तर 190 सुटतात, चाळीसांचे 7600. झाले 13 हजार. त्यातून भाड्याचे नऊ गेले, राहिले चार. त्यात तीन दिवसांचं गाडीभाडं, जेवणखाण, आणि तुमची व सासूबाईंची मजुरी. तेही एकूण एक वस्तू विकली गेली तर. मेळ्यात सगळा माल कुणाचाच संपत नाही. माझ्या मते हे भाडं तुमच्या मालाला जड आहे.

आबोली_पेडणे
मेळा नुसता विक्रीसाठी नसतो. ओळखी होतात, हॉटेलवाले येतात, ऑर्डरी मिळतात. मला एका रिसॉर्टची ऑर्डर अशीच मिळाली. पहिल्या दिवशीचा नफा मोजून निर्णय घेतला असता तर मी आज धंद्यात नसते.

हिशेबनीस
ऑर्डर मिळाली तर आनंदच आहे. पण मिळेल या भरवशावर घरातले नऊ हजार घालायचे का, हा प्रश्न आहे.

नवाकोरा
तुम्ही विश्वकर्मा योजनेत अर्ज का करत नाही? 15 हजार अवजारांना मिळतात, 5 टक्के व्याजाने एक लाखाचं कर्ज मिळतं, प्रशिक्षणाला रोज 500. भाड्याची चिंताच नको.

केपेंकार
पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. टोपली-चटई-झाडू करणारे आणि काथ्याचं काम करणारे आहेत, कुंभार, सुतार, शिंपी आहेत. करवंटीच्या वस्तू करणारे त्या यादीत नाहीत. आम्ही बांबूवाले बसतो, ताई बसणार नाहीत. आणि अवजाराचे पैसे गाळ्याच्या भाड्याला वापरायचे नसतात.

नवाकोरा
काथ्या नारळाचाच ना? मग करवंटी का नाही?

केपेंकार
यादीत जे लिहिलंय तेच धरतात, नारळाचं सगळं धरत नाहीत. त्यापेक्षा ताईंनी हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाचं कारागीर ओळखपत्र, "पेहचान" कार्ड, काढावं. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाचं आहे. सरकारी हस्तकला मेळ्यांसाठी अर्ज करताना तेच विचारतात, आणि सरकारी मेळ्यातला गाळा अशा खासगी मेळ्यापेक्षा खिशाला परवडतो. कार्ड आहे का तुमच्याकडे?

सुरंगी
कार्ड नाही. त्याला दिवस लागतील ना? मला उद्या सहापर्यंत ठरवायचंय.

दर्यावर्दी
ताई, मी पहिल्याच उत्तरात विचारलं होतं, मेळा कधी आहे? ते अजून लिहिलेलं नाही. आणि जागा बंदिस्त आहे की उघडी?

सुरंगी
मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, शुक्रवार ते रविवार. मोकळ्या मैदानावर मंडप घालणार आहेत.

दर्यावर्दी
मे महिन्याच्या शेवटी मोकळं मैदान! हेच आधी कळायला हवं होतं. गोव्यात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात धरतो, आणि त्याआधी वळवाच्या सरी कधी कोसळतील याचा नेम नसतो. मंडप नुसत्या कापडाचा आहे की वर पत्रा आहे? बाजूला ताडपत्री? खाली फळ्या की उघडी माती? वीज कुणाची, पंखा मिळणार का? हे सगळं विचारा.

माशेलकर
आणि करवंटीला ओल सोसत नाही. आमच्याकडे पूर्वी दवले घरीच व्हायचे. वाटीच्या कडेला दोन समोरासमोर भोकं, त्यातून दांडा आरपार. भोक दांड्यापेक्षा किंचित बारीक ठेवायचं आणि ठोकून बसवायचं. पाण्यात गेला की दांडा फुगून घट्ट बसतो, खिळा लागत नाही. ताई, तुम्ही तसेच करता की गोंद लावता?

सुरंगी
तसेच करतो, गोंद अजिबात नाही. सासूबाईंच्या हातचं काम आहे ते. आधी 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 220, शेवटी 400, आणि वर खोबरेल तेल. वॉर्निश आम्ही लावत नाही, कारण दवला आमटीत जायचा असतो. त्यामुळे चमक कमी दिसते आणि पर्यटक बाजूच्या चकचकीत वस्तू उचलतात. ओलीत ठेवला की बुरशीचे पांढरे ठिपके येतात, हे मात्र खरं.

माशेलकर
मग तुमचा माल स्वयंपाकघराचा आहे, शोकेसचा नाही. आबोलीताईंचं गिऱ्हाईक वेगळं, तुमचं वेगळं. तुमच्या दवल्याला पुरुमेंताची फेरी हवी, म्हणजे बेगमीचा बाजार. मडगावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चच्या फेस्ताला, ईस्टरनंतर सात आठवड्यांनी, पावसाळ्याची बेगमी करायला सगळा सासष्टी तालुका लोटतो. मिरची, सुकी मासळी, कांदे घ्यायला आलेली बाई दवला लगेच हातात घेऊन बघते. आणि थंडीत म्हापशाची बोडगेश्वराची जत्रा आहे, 3 डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त आहे. त्याच्या नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, 24 नोव्हेंबरला सुरू होतात, फेरीही तेव्हापासूनच भरते.

केपेंकार
पूर्ण सहमत. शिवाय म्हापशाचा शुक्रवारचा बाजार बारा महिने आहे. आम्ही सुपं तिथेच विकतो.

आबोली_पेडणे
वाट्यांना आणि दिव्यांना पर्यटक गिऱ्हाईक आहे, ते सोडू नका. पण मे महिन्याच्या शेवटी परदेशी पर्यटक फारसे नसतात हे मान्य, हणजूणचा बाजारही तेव्हा आवरलेला असतो. तारीख आधी कळली असती तर मी भरा म्हटलं नसतं.

साखळीकर
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, माशेलचं खाजं हल्ली कुणाकडे चांगलं मिळतं? जत्रेतलं गुळाचं, आलं घातलेलं. गेल्या वेळी आणलं ते नुसतं गोड होतं.

फोंड्याची_मावशी
जत्रेत गरमागरम काढतात तिथूनच घे, पुडीतलं नको. आता खाज्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, पण हात ज्याचा त्याचा. हा धागा सुरंगीचा आहे, तिला आधी उत्तर देऊ या.

सुरंगी
आयोजकांना आत्ता फोन केला. मंडप कापडाचाच आहे, बाजूला ताडपत्री नाही, पाऊस आला तर "आपापलं झाका" म्हणाले. पैसे परत नाहीत. पावती देतील, पण मेळा झाल्यावर. मी नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर सासूबाईंनी काही न बोलता पुढची करवंटी घासायला घेतली.

आता मला पुरुमेंताच्या फेरीचं सांगा. आम्ही वाळपईचे, मडगावात ओळख नाही. तिथे बसायला आधी नाव द्यावं लागतं की सकाळी जाऊन जागा धरायची? सोपो, म्हणजे बसण्याच्या जागेचा कर, किती घेतात?

केपेंकार
सोपो पालिकेची माणसं जागेवर येऊन घेतात, पावती मागून घ्या आणि दिवसभर जवळ ठेवा. जागेसाठी आदल्या दिवशी पालिकेच्या बाजार विभागात जाऊन विचारा, कुठली बाजू कुणाला दिली आहे ते तिथेच कळतं. नेहमीची माणसं आपल्या जागा सोडत नाहीत, तेव्हा त्यांच्या पुढ्यात अंथरू नका, भांडणं होतात. आमची चुलती तिथे सुपं घेऊन बसते, तिच्या शेजारी एक चटई मावेल. मी तिला विचारून उद्या व्यक्तिगत निरोप टाकतो. वाट्या सगळ्या आणू नका, दवलेच आणा.

हिशेबनीस
आणि सुट्टे पैसे न्या. 120 ला लोक दोनशेची नोट देतात. यूपीआयचा क्यूआर छापून न्या, गर्दीत फोन काढून दाखवत बसायला वेळ मिळत नाही.

फोंड्याची_मावशी
पेहचान कार्डाचा अर्ज मात्र याच महिन्यात कर गो. जानेवारीच्या सुमारास पणजीत कांपालला दर्या संगमवर लोकोत्सव भरतो, तिथे कारागिरांचे गाळे असतात. वाट्या आणि दिवे तेव्हासाठी ठेव. आणि पणजीत हस्तकला महामंडळाच्या "अपरांत" दुकानात एक नमुना दाखवून ये, घेतात का ते तरी विचार.

साखळीकर
सुरंगीताई, मडगावला बसलात तर मला चार दवले बाजूला ठेवाल का? लांब दांड्याचे हवेत, आमचं मडकं खोल आहे.