एकच फोन, दोन देश आणि ओटीपीचा घोळ: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेली तीन वर्षं माझं वर्ष दोन देशांत विभागलेलं आहे. सात-आठ महिने नोकरीच्या देशात, उरलेले आईवडिलांजवळ. फोन मात्र एकच ठेवायचा आहे. मध्यंतरी दोन फोन बाळगून पाहिले, पण जमलं नाही. ज्याची गरज महिन्यातून एकदाच पडते तो नेमका त्याच वेळी बंद पडलेला असतो.

आतापर्यंत माझी पद्धत साधी होती. विमान उतरलं की सिम बदलायचं. ट्रे उघडायला कानातल्याचा दांडा, आणि काढलेलं सिम पासपोर्टच्या कव्हरच्या आत सेलोटेपने चिकटवलेलं. नखाएवढी ती चकती दुसरीकडे कुठे ठेवली तर सापडायची नाही, म्हणून ही सोय.

मागच्या महिन्यात बाबांना अचानक अ‍ॅडमिट करावं लागलं. माझ्याकडे रात्रीचे अडीच वाजले होते. डिपॉझिट मी इथून भरायला घेतलं आणि बँकेने ओटीपी पाठवला माझ्या मूळ नंबरवर. तो नंबर पासपोर्टच्या कव्हरात, आणि पासपोर्ट व्हिसाच्या नूतनीकरणासाठी जमा केलेला! भावाने धावपळ करून पैसे भरले आणि बाबा आता घरी आहेत. पण स्क्रीनवर उलटे मोजले जाणारे ते सेकंद अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. स्वतःचेच पैसे, स्वतःचाच नंबर आणि हात बांधलेले.

म्हणून आता हे नीट लावून टाकायचं आहे. माझ्या फोनमध्ये एक सिमचा ट्रे आहे आणि ई-सिमही (फोनमध्येच असलेलं, वेगळी चकती न लागणारं सिम) चालतं. दोन्ही नंबर एकाच वेळी चालू ठेवायचे हे ठरलं. पण कोणता नंबर प्लास्टिकच्या सिमवर आणि कोणता ई-सिमवर? दुकानदार म्हणतो मूळ नंबर ई-सिम करून टाका, हरवायची भीती नाही. माझं मन तयार होत नाही. परदेशात फोनच फुटला तर ई-सिम नव्या फोनवर घ्यायला पुन्हा त्याच नंबरचा ओटीपी मागितला तर काय करायचं?

दुसरं म्हणजे मूळ नंबर रोमिंगवर ठेवला तर भलतंच बिल येण्याची धास्ती वाटते. फक्त एसएमएस यावेत, बाकी काही नको, असं करता येतं का? आणि व्हॉट्सअ‍ॅप मूळ नंबरवरच राहू द्यावं का? नवीन हँडसेटही घ्यायचा आहे, तर तो कुठल्या देशातून घ्यावा?

अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावं. आगाऊ आभार.

प्रतिसाद १

तुमचं मन बरोबर सांगतंय. ओटीपीचा नंबर प्लास्टिकच्या सिमवरच ठेवा आणि राहत्या देशाचा नंबर ई-सिमवर घ्या. फोन फुटला तरी सिम काढून कुठल्याही साध्या अनलॉक्ड (कोणत्याही कंपनीचं सिम चालणाऱ्या) हँडसेटमध्ये घातलं की पाच मिनिटांत एसएमएस यायला लागतात. ई-सिम पुन्हा मिळवायला ओळख पटवावी लागते, आणि बऱ्याच कंपन्या त्यासाठी दुकानात बोलावतात. फोन चोरीला गेला तर सिमही जाणार हे खरं, म्हणून सिमला पिन लावा. तीनदा चुकलं की पीयूके (सिम पुन्हा उघडायचा कंपनीचा कोड) मागतो आणि पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं निकामी होतं. त्यामुळे दोन्ही आकडे घरी कागदावर लिहून ठेवा.

बिलाचं म्हणाल तर मूळ सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा आणि मोबाइल डेटा ई-सिमला द्या. एका सिमवरून दुसऱ्यावर डेटा आपोआप सरकवणारी सेटिंग असते, तीही बंद करा, लोक नेमकी तीच विसरतात. रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला बहुतेक कंपन्या पैसे घेत नाहीत, तरी तुमच्या कंपनीचा दर एकदा बघून घ्या. आणि निघण्यापूर्वी मूळ नंबरवरून ##००२# डायल करा. त्याने सगळं कॉल फॉरवर्डिंग रद्द होतं. नाहीतर न उचललेला कॉल व्हॉइसमेलकडे परत जाताना तुमच्या खात्यावर रोमिंगचे पैसे पडू शकतात. मला पहिल्या वर्षी हा फटका बसला होता.

कंपनीचं वाय-फाय कॉलिंग परदेशात चालत असेल तर सोन्याहून पिवळं. मग मूळ नंबर वाय-फायवरून थेट घरच्या नेटवर्कला जोडला जातो.

प्रतिसाद २

व्हॉट्सअ‍ॅप आहे त्या नंबरवरच राहू द्या. सिम बदललं तरी खातं जुन्याच नंबरवर चालतं. 'नंबर बदला' असं विचारलं तर नाही म्हणा आणि व्हॉट्सअ‍ॅपचा स्वतःचा सहा आकडी पिन लावून ठेवा. मात्र मूळ नंबरवर ठरावीक मुदतीत रिचार्ज हवाच. वापरात नसलेला नंबर कंपनी काढून घेते आणि काही काळाने दुसऱ्याला देते, मग तुमचे ओटीपी त्याच्या हातात. कॅलेंडरमध्ये आठवण लावा.

जिथे जमेल तिथे एसएमएस सोडून ऑथेंटिकेटर अ‍ॅप (लॉगिनचे कोड फोनवरच तयार करणारं अ‍ॅप) घ्या. त्यातला कोड फोनमधल्या घड्याळावरून तयार होतो, साधारण दर तीस सेकंदांनी बदलतो आणि त्याला नेटवर्कच लागत नाही. ईमेलचं लॉगिन आज रात्रीच त्यावर न्या.

हँडसेटबद्दल: अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना २०२२ च्या आयफोन १४ पासून सिमचा ट्रेच नाही, तेव्हा वरचा सल्ला पाळायचा तर तिथून आयफोन घेऊ नका. फोन कुठल्याही कंपनीला लॉक केलेला नको. दोन्ही देशांतले फोर-जी बँड (नेटवर्कचे लहरपट्टे) मॉडेल नंबरवरून तपासा, आणि त्या नेटवर्कवर व्होल्टे (फोर-जीवरून होणारे साधे कॉल) चालतं का तेही बघा. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ मध्ये थ्री-जी बंद झालं तेव्हा फोर-जीवरून आपत्कालीन कॉल करू न शकणारे हँडसेट नेटवर्कवरून काढले गेले, त्यांत बाहेरून आणलेलेही होते. तुर्कस्तानात परदेशी फोनमध्ये तिथलं सिम घातलं तर कर भरून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) नोंदवावा लागतो, नाहीतर १२० दिवसांनी फोन ब्लॉक होतो. तुमच्या दोन्ही देशांत असा नियम आहे का, ते फोन घेण्याआधी पाहा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सेलोटेप सोलून मूळ सिम आज ट्रेमध्ये बसवलं, डेटा रोमिंग बंद केलं आणि बँकेतून दहा मिनिटांत एक ओटीपी मागवून पाहिला. आला! आईला फोन करून सांगितलं. एक शंका उरली: ई-सिमवर बोलत असताना मूळ नंबरवर कॉल आला तर तो लागत नाही असं दिसतंय. भावाने दोनदा करून पाहिलं.

प्रतिसाद १

बरोबर. बहुतेक फोनमध्ये दोन्ही सिम वाट पाहत असतात, पण बोलणं एका वेळी एकावरच होतं. दोन्ही सिमना वाय-फाय कॉलिंग चालू करता आलं तर काही फोनमध्ये लागतो. नाहीतर घरच्यांना सांगून ठेवा, तातडीचं असेल तर लगेच दुसऱ्या नंबरवर करा.