बातमीदारीतला विनोद आणि आमचं बेळगाव

एकांनी लिहिलंय की बातमीदाराला राजकारणातला विनोद टिपायला दिल्ली-मुंबईच लागते. त्यांना म्हणावं, बेळगावात एक वर्ष काढा.

१ नोव्हेंबरला एका रस्त्यावर कर्नाटकाच्या स्थापना दिनाचे, म्हणजे राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे अन् डॉल्बी, दुसऱ्यावर बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणणाऱ्या मराठी माणसांची काळ्या दिनाची सायकल फेरी. वार्ताहर एकच, त्यामुळे सकाळी पहिला प्रश्न शर्टाच्या रंगाचा. जुनेजाणते राखाडी घालतात.

मग कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. त्यासाठीच्या इथल्या इमारतीचं, सुवर्ण विधानसौधाचं उद्घाटन २०१२ साली झालं; वर्षातले थोडे दिवस तिथं सरकार असतं, एरवी शुकशुकाट. त्या दिवसांत लॉजवर खोली मिळत नाही. आमदार उत्तर कर्नाटकाच्या मागासलेपणावर कळवळून बोलतात आणि जाताना कुंद्याचे, म्हणजे इथल्या प्रसिद्ध मिठाईचे डबे नेतात. (कुंद्याबाबत मात्र त्यांना नावं ठेवणार नाही.)

तिकडून महाराष्ट्रातले नेते या अधिवेशनाला उत्तर म्हणून भरणाऱ्या मराठी माणसांच्या महामेळाव्याला निघतात, सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर अडवले जातात. तिथंच घोषणा, तिथंच फोटो, जेवायला कोल्हापुरात परत. अडवणारे खूश, अडणारेही खूश. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तेव्हा बातमीदारी शिकणारी पोरं आता संपादक झाली, पण सुनावणीची बातमी जुनीच काढून तारीख तेवढी बदलायची.

हसू येत नाही ते या वादात एसटी बंद होते तेव्हा. निपाणीहून कोल्हापूरच्या दवाखान्यात निघालेली म्हातारी वडापवाल्याशी (खासगी जीपवाल्याशी) भाडं कमी करायला भांडत असते, अन् तिची बातमी कोणीच मागत नाही.